गावोगावचे कराटे वर्ग : खरे किती, पोकळ किती?

शाळा उघडायच्या सुमारास तालुक्याच्या गावात एक चक्कर मारा. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, बंद रसवंतीच्या पत्र्यावर, पतसंस्थेच्या जिन्यात एक फ्लेक्स हमखास दिसेल. पांढऱ्या पोशाखातले सर हवेत लाथ उगारून उभे, कमरेला काळा पट्टा, गळ्यात पदकांची माळ. खाली ठळक अक्षरांत लिहिलेले : 'शासनमान्य', 'जागतिक संस्थेशी संलग्न', 'मुलींसाठी स्वतंत्र बॅच', 'पोलीस भरतीस उपयुक्त'. एकेकाळी हे लोण जिल्ह्याच्या ठिकाणापुरते होते. आता बाजारगावच्या समाजमंदिरातही दिवेलागणीला पोरांच्या आरोळ्या ऐकू येतात.

त्यात वाईट काही नाही. पोरे घाम गाळतात, तासभर का होईना मोबाईल खाली ठेवतात. पण आईबाप तेथे पैसे मोजतात ते निव्वळ व्यायामासाठी नव्हे. पोरगी सातवीनंतर शेजारच्या गावच्या हायस्कुलात एकटी जाते, तिच्या अंगी थोडी हिंमत यावी, ही एक आशा. पोराला उद्या खेळाडूच्या कोट्यातून चिकटता यावे, ही दुसरी. या दोन आशांवर हा सारा व्यवहार चालतो आणि दोन्ही आशा अशा आहेत की त्यांत फसगत झाली तर ती चार-पाच वर्षांनी कळते. तोवर पोर मोठे झालेले असते आणि पैसे गेलेले असतात.

तेव्हा वाचकहो, वर्ग पारखून घ्यायचा कसा? भिंतीवरच्या कागदांवरून पारखता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

'शासनमान्य' म्हणजे काय?

खताची पोती विकायची तर परवाना लागतो. बियाणे, कीटकनाशक विकायचे तरी लागतो. मोटार शिकवण्याची शाळा काढायची तर आर.टी.ओ. दारात उभे करून प्रश्न विचारतो. पण उद्या सकाळी एखाद्याने काळा पट्टा विकत आणून कमरेला बांधला आणि पन्नास पोरे गोळा केली, तर त्याला 'तुझे शिक्षण काय?' असे विचारणारा कोणताही खास परवाना-कायदा आपल्याकडे नाही. मग हे 'शासनमान्य' येते कुठून?

फ्रेममधले कागद जवळ जाऊन वाचा. बहुधा त्यातला एक धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा असतो. संस्था १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदवली गेली, इतकाच त्याचा अर्थ. भजनी मंडळही तसेच नोंदवता येते. दुसरा कागद दुकान-आस्थापनेचा, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो. तो किराणा दुकानालाही असतो. तिसरा 'उद्यम' नोंदणीचा. ती घरबसल्या, स्वतःच्याच घोषणेवर होते. चौथा आय.एस.ओ.चा. तो सरकार देत नाही. ज्या संस्थेच्या नावाने तो मिळतो ती संस्थाही स्वतः कुणाला प्रमाणपत्र देत नाही, मधल्या खासगी कंपन्या देतात. यांपैकी एकही कागद खोटा नसेल. पण सरांना लाथ मारता येते का, आणि मुख्य म्हणजे शिकवता येते का, याबद्दल त्यांत एक अक्षर नसते.

राहिले 'जागतिक संस्थेशी संलग्न'. येथे घोळ मोठा आहे. कराटे हा एकच खेळ नाही. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू अशी त्याची मोठी घराणी, आणि प्रत्येकाच्या डझनांनी फांद्या. 'वर्ल्ड', 'इंटरनॅशनल', 'एशियन' हे शब्द नावात घालायला कुणाची बंदी नाही. शेजारच्या देशातली चार पोरे आली की स्पर्धा 'आंतरराष्ट्रीय' होते. ऑलिंपिक समितीची मान्यता आहे ती वर्ल्ड कराटे फेडरेशन या एका संघटनेला. तिच्याशी जोडलेल्या आपल्याकडच्या राष्ट्रीय संघटनेतही भांडणे इतकी विकोपाला गेली की २०२० साली भारतीय ऑलिंपिक संघाने तिची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी जागतिक संघटनेनेही तिला बाजूला केले. दिल्लीतल्या खुर्च्यांच्या या मारामारीत तालुक्याचा प्रामाणिक मास्तर काय करणार? त्याचा पट्टा एका संघटनेचा, पोरांचे प्रमाणपत्र दुसरीचे, स्पर्धा तिसरीच्या. म्हणून केवळ संघटना मान्यताप्राप्त नाही एवढ्यावरून सरांना खोटे ठरवू नका. उलट मोठ्या संघटनेचा शिक्का आहे एवढ्यावरून खरेही मानू नका.

काळ्या पट्ट्याचे गणित

पट्ट्याचे गारुड आपल्या मनावर फार आहे. त्याचा इतिहास मात्र तसा अलीकडचा. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची कोदोकान ही शाळा काढली. पुढच्या वर्षांत शिष्यांच्या दर्जासाठी 'दान'ची पद्धत आणि काळा पट्टा ही त्यांचीच सोय. कराटे मूळचे ओकिनावा बेटाचे. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली तोक्योत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले आणि १९२४ मध्ये ज्यूदोची पट्ट्याची रीत उचलून आपल्या पहिल्या शिष्यांना 'दान' दिले. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रंगांची रांग बहुतांशी युरोपातल्या ज्यूदो वर्गांत रुळली. पहिल्या काळ्या पट्ट्याला जपानीत 'शोदान' म्हणतात. त्याचा अर्थ पहिली पायरी. बाराखडी संपली, आता वाचायला लागा, इतकाच. आपल्याकडे मात्र काळा पट्टा मिळाला की पोराचा सत्कार होतो, पेपरात फोटो येतो (आम्हीच छापतो, काय करता!) आणि महिनाभरात ते पोर स्वतःचा वर्ग काढते.

आता खर्चाकडे या. समजा, महिन्याची फी ४०० रुपये. चार वर्षांचे १९,२०० झाले. पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत नऊ परीक्षा, प्रत्येकी ७००, म्हणजे ६,३००. पोशाख आणि हातापायांची गार्ड ३,०००. वर्षाला दोन स्पर्धा, प्रत्येकी हजार, म्हणजे ८,०००. शेवटी काळ्या पट्ट्याची परीक्षा ६,०००. एकूण ४२,५०० रुपये. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे साडेआठ क्विंटलच्या वर सोयाबीन, आणि तेही हमीभाव हाती पडला असे धरून. त्या वर्षी बाजारात तो किती जणांच्या हाती पडला, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

फी घेणे हा गुन्हा नाही. मास्तरालाही पोट आहे. पाहायचे ते हे की त्याची कमाई शिकवण्यातून होते की परीक्षांतून. जेथे दर तीन महिन्यांनी परीक्षा असते, परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पास होतो, आणि फी भरली नाही म्हणून चांगल्या पोराचा पट्टा अडतो, तेथे पट्टा हा विकायचा माल आहे असे खुशाल समजा. 'दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी' असे कुणी लिहून देत असेल तर दारातूनच परत फिरा. आठवड्याला तीन दिवस नेटाने येणाऱ्या पोरालासुद्धा चार-पाच वर्षे लागतात. आणि सात वर्षांचे पोर काळा पट्टा बांधून हिंडत असेल तर त्यात पोराचा दोष नाही, पण वर्गाची पत कळते. सगळे पैसे आगाऊ मागणे, 'सोडल्यास परतावा नाही' असे छापलेल्या फॉर्मवर सही घेणे, दर वर्षी नवा पोशाख त्यांच्याकडूनच घ्यायला लावणे, ही त्याच दुकानाची आणखी काही लक्षणे.

नोकरीचा कागद

सगळ्यात जास्त फसगत होते ती येथे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुणही मिळतात. या दोन गोष्टी सर्वांना ऐकून माहीत असतात. त्यापुढचे कुणी सांगत नाही. नोकरीच्या आरक्षणाबाबत १ जुलै २०१६ चा शासन निर्णय आहे. त्यात कोणते खेळ, कोणत्या दर्जाच्या स्पर्धा आणि त्यात काय कामगिरी हवी, हे ठरवून दिले आहे. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. नुसत्या काळ्या पट्ट्याला तेथे किंमत शून्य. खासगी संस्थेने लॉजच्या हॉलमध्ये भरवलेल्या 'ऑल इंडिया' स्पर्धेतल्या सुवर्णपदकालाही तीच किंमत.

पोलीस भरतीचे मैदान घ्या. शिपायाच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर व गोळाफेक. त्यात लाथेला गुण नाहीत, ठोशाला नाहीत. कराटेने अंग तयार होते हे खरे. पण 'भरतीस उपयुक्त' याचा अर्थ तेवढाच, आणि तेवढे अंग पहाटे उठून गावच्या रस्त्यावर फुकट पळूनही तयार होते.

ट्रॅम्पोलिन आणि टंबलिंगच्या बोगस प्रमाणपत्रांवर मिळवलेल्या नोकऱ्यांची प्रकरणे राज्यात उघड झाली, गुन्हे दाखल झाले, हे आपण वाचले असेल. त्यात कागद देणारा एक असतो, घेणारा दुसरा. नोकरीतून निघते ते घेणाऱ्याचे पोर. म्हणून वर्गातून कोणतेही स्पर्धेचे प्रमाणपत्र हाती आले की एक काम करा. त्याची झेरॉक्स घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि विचारा, 'साहेब, हे आरक्षणाला चालते का? गुणांना चालते का?' प्रश्न दोन आहेत, उत्तरेही दोन वेगळी येऊ शकतात. सर जर म्हणाले की 'तिकडे कशाला जाता, मी आहे ना', तर मग नक्की जाच. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांत, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य या शिडीने, त्या वर्गाची पोरे दर वर्षी उतरतात का, हेही तेथेच कळेल. ज्या वर्गाची पोरे फक्त स्वतःच्याच संघटनेच्या स्पर्धांत पदके जिंकतात, त्या पदकांचे काय कौतुक करायचे?

तालमीचा दाखला

आपल्या मुलखाला हे पारखणे खरे तर नवे नाही. गावोगाव तालमी होत्या, अजून काही आहेत. वस्तादाच्या भिंतीवर कुठे होती प्रमाणपत्रे? जत्रेच्या फडात त्याचा पठ्ठ्या उतरायचा, समोर परगावचा गडी, भोवती सारा मुलूख. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या इनामी जोडीपर्यंत सगळे उघड्यावर. पाठ लागली की लागली. ठरवून केलेली नुरा कुस्ती असली तर पंचांच्या आधी म्हातारी माणसे ओळखायची आणि फडातूनच ओरडा व्हायचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीतून. परक्या तालमीच्या गड्याशी, उघड्यावर, खरा जोर लावून झालेली लढत ही तेथली परीक्षा होती.

कराटे वर्गाला हीच फुटपट्टी लावा. एक तास जाऊन नुसते बसा. पालकांना आत बसू देत नाहीत, खिडक्यांना पडदे लावतात, असा वर्ग असेल तर पुढचे काही पाहायची गरज नाही. बसू देत असतील तर बघा, पोरे तासभर हवेतच हात मारताहेत की जोडी लावून सरावही होतो? जोडीदार खरोखर पकडतो का, की सरांनी हात लावायच्या आत आपणच गडगडतो? 'सर, याने सोडलेच नाही तर?' असे पोराने विचारल्यावर सर दुसरा उपाय दाखवतात की दम देतात? अंगाला कसे पडायचे हे आधी शिकवतात का? शहाबादी फरशीवर पोरांना आपटत असतील आणि खाली साधी चटई नसेल, झुंजीत दातांना, डोक्याला संरक्षण नसेल, तर सरांच्या भिंतीवर दहा देशांचे शिक्के असले तरी पोर परत आणा. डोक्याला मार लागून पोराला भोवळ आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नेणारा मास्तर चांगला. 'पाणी पी आणि उभा राहा' म्हणणारा नव्हे.

आणि जुनी पोरे बघा. दहा वर्षे चाललेल्या वर्गात पाच-सहा वर्षे टिकलेले कुणी नसेल, सगळे पिवळ्या-नारिंगी पट्ट्यावरच गळत असतील, तर का गळतात ते त्या पोरांच्या घरी विचारा. गावात ही चौकशी अवघड नसते.

स्नेहसंमेलनात कौले फोडण्याचा कार्यक्रम पाहून बरेच जण भुलतात. कौल वाळलेले असते, दोन्ही टोकांना टेकू आणि मधे पोकळी असते. थराथरांत कांड्या ठेवल्या की वरचे कौल फुटून खालच्यावर पडते आणि रांग आपोआप फुटत जाते. फळी असेल तर ती शिरेच्या दिशेने फुटेल अशी धरलेली असते. त्यातही सराव लागतो, नाही असे नाही. पण कौल उलटा ठोसा मारत नाही. पोटावरून मोटारसायकल नेणे, हातावर फरशी फोडणे हे प्रकार तर जत्रेतल्या खेळाचे. आणि कुणी 'मर्मविद्या', 'स्पर्श न करता पाडणे' असे काही सांगू लागला तर त्याला आपल्या शिष्याऐवजी दुसऱ्या गावच्या पैलवानावर ते करून दाखवायला सांगा. असे महाभाग आपल्याकडेच आहेत असे नाही. चीनमध्ये २०१७ साली शू श्याओदोंग या मिश्र लढतीच्या खेळाडूने ताई-ची गुरू म्हणवणाऱ्या वेई लेईला चेंगडू शहरात काही सेकंदांत जमिनीवर आणले आणि त्यावरून तिथे केवढा गदारोळ उठला. गुरूला दुखावले म्हणून राग खेळाडूवरच निघाला. आपल्याकडे याहून वेगळे झाले असते असे वाटत नाही.

मुलींच्या बॅचबद्दल

हे जरा सविस्तर, कारण येथे चूक परवडत नाही. तीन दिवसांच्या शिबिरात मुलगी 'स्वसंरक्षणात पारंगत' होत नाही. चाकूवाल्याचा हात पिरगाळायचा कसा हे खोट्या चाकूने शिकवून पोरींच्या डोक्यात भलता आत्मविश्वास भरणारे सर धोकादायक आहेत. जाणता मास्तर पहिल्या दिवशी सांगतो : ओरडा, पळा, माणसे गोळा करा, आणि पकडलेच तर एवढे दोन-तीन डाव. दुसरे असे की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षे एकच दिसते. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहापैकी नऊच्या आसपास आरोपी ओळखीचा असतो. अंधारातला अनोळखी गुंड क्वचित, घरचा-शेजारचा-विश्वासातला माणूस जास्त. म्हणजे 'नाही' म्हणायला आणि घरी येऊन सांगायला जो वर्ग शिकवत नाही, त्याने अर्धे शिकवलेच नाही.

आणि विश्वासातल्या माणसांत सरही आले, हे स्पष्ट बोलायला हवे. या खेळात अंगाला हात लागतो, ते टळत नाही. म्हणूनच मुलींच्या बॅचला बाई शिक्षिका किंवा निदान एखादी पालक स्त्री हजर हवी. एकटीला 'जादा सरावाला' बोलावणे, रात्री मोबाईलवर निरोप पाठवणे, परगावच्या स्पर्धेला मुलींसोबत बाईमाणूस न नेणे, 'घरी सांगू नकोस' असे काहीही म्हणणे, यातले एक जरी कळले तरी गप्प बसू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरवला आहे. शिकवणाऱ्यासारख्या विश्वासाच्या जागेवरच्या माणसाने केला तर शिक्षा अधिक कडक. लहान मुलांसाठीचा फोन १०९८, पोलिसांचा ११२. शिस्तीच्या नावाखाली वेताने झोडपणे हाही कराटेचा भाग नव्हे. शाळेत मारहाणीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, आणि खासगी वर्गातला मास्तर मुलाशी क्रूरपणे वागला तर त्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांचे काय?

समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने मुलींना आत्मरक्षण शिकवण्याची तरतूद आहे. सहावी ते बारावीच्या सरकारी शाळांतील मुलींसाठी तीन महिने, शाळेमागे महिना ५,००० रुपये. ही रक्कम लहान वाटते, पण तालुक्यातल्या शाळा मोजा म्हणजे एकाच संस्थेला सगळे काम मिळाले तर आकडा कुठे जातो ते दिसेल. हेतू उत्तम आहे. तीन महिन्यांत पोरी निदान मोठ्याने ओरडायला शिकल्या तरी सरकारचे पैसे वसूल झाले. पण प्रशिक्षक कोण, हे ठरताना वरून आलेले नाव मुख्याध्यापक मुकाट्याने घेतात. तीन महिन्यांचे वर्ग तीन आठवड्यांत आटोपून हजेरीपटावर सह्या पुऱ्या होऊ नयेत, यावर नजर कुणाची?

ती नजर कायद्याने गावालाच दिली आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. बहुतेक गावांत ही समिती कागदावर सही करण्यापुरती भरते, ते सोडा. पुढच्या बैठकीत एखाद्या आईने विचारावे की कराटेचे सर कोण, त्यांनी कुठे शिकले, आधी कोणत्या शाळेत शिकवले, तेथल्या मुख्याध्यापकांचा अनुभव काय, तासाला कोण बाई थांबणार, आणि वर्ग कोणत्या वारी किती वाजता होणार. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. मग ठरल्या वारी, ठरल्या वेळी, दोघी-तिघींनी शाळेच्या पटांगणात जाऊन कट्ट्यावर बसावे.